अमरवेलीचे गुप्त हुकूम
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आपल्या सभासदांत गाईम्हशी बाळगणारे व लसूणघास लावणारे पुष्कळ आहेत. घासाच्या वाफ्यावर पिवळ्या दोऱ्यांचे जाळे पसरलेले त्यांनी पाहिलेच असेल. तीच अमरवेल. तिला पाने नाहीत, आणि आधार सापडला की मूळही उरत नाही. यजमान झाडाला विळखा घालून ती आपली शोषके त्याच्या खोडात रुतविते व आयते अन्नपाणी ओढून घेते. इतके आपले वाडवडीलही जाणून होते.

परंतु ती नुसती चोरी करीत नाही, असे आता कळून आले आहे. प्रत्येक पेशीत जनुके असतात. जनुकाची आज्ञा आरएनए नावाचा निरोप्या घेऊन जातो व त्याबरहुकूम प्रथिन तयार होते. निरोप वाटेतच फाडला, तर जनुक शाबूत असूनही त्याचे काम बंद पडते.

अमेरिकेतील मायकेल ॲक्सटेल, जेम्स वेस्टवुड व त्यांचे सहकारी यांनी २०१८ साली 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिले की, कस्कुटा कॅम्पेस्ट्रिस ही अमरवेलीची जात नेमके हेच करते. ती २२ अक्षरी सूक्ष्म आरएनए यजमानाच्या शरीरात सोडते. कुलपास किल्ली बसावी तसे ते यजमानाच्या निरोपाला जाऊन बसतात, आणि निरोप तेथेच कापला जातो. जखम होताच रसवाहिनीला बूच बसविणारे एक प्रथिन झाडापाशी असते. त्याचा निरोपही असा कापला जातो. ते जनुक मुळातच निकामी असलेल्या रोपांवर अमरवेल अधिक जोमाने वाढली, असे प्रयोगात आढळले.

झाडाने आपला निरोप बदलून सुटका का करून घेऊ नये? ते सोपे नाही. अमरवेल नेम धरते ती जागा प्रथिनाच्या कामाला अत्यावश्यक असते, म्हणून ती अनेक वनस्पतींत जवळजवळ सारखीच आढळते. एकाच वेलीला नाना तऱ्हेची झाडे वश होतात, त्याचे एक कारण यात दिसते.

सारांश, विळखा बसल्यावर झाडाचा पहारेकरी आतूनच गप्प केला जातो. तेव्हा पहारा आपणच आधी ठेवला पाहिजे. बियाणे अमरवेलीच्या बियांपासून मुक्त असल्याची खात्री करून घ्यावी. वेल दिसताच, ती फुलण्यापूर्वी, बाधित घास कापून जाळावा. तुटलेला तुकडा पुन्हा दुसऱ्या झाडाला धरतो, आणि बी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. आज केलेली थोडी हयगय मुलांच्या शेतात उगवेल, एवढे ध्यानी असू द्यावे, ही आमची विनंती.