स्मशानाची वाट सर्वांस खुली हवी



माझे एक अशील पोलिओमुळे लहानपणापासून तीनचाकी सायकलीवर फिरतात. गेल्या पावसाळ्यात त्यांचे वडील निवर्तले. गावातील आपली स्मशानभूमी ओढ्याकाठी, वाट दगडांची व घसरणीची. "तुम्ही इथेच थांबा," असे सांगून मंडळी प्रेत घेऊन खाली उतरली. थोरला मुलगा रस्त्यावरच राहिला आणि त्रिशरण-पंचशीलाचे शब्द त्याने दुरून ऐकले. कोणी दुष्टाव्याने वागले नाही, हेच मला अधिक बोचते.

चार तरुणांनी त्यांस उचलून न्यावयाचे होते, असे कोणी म्हणेल. ती दया झाली. आपल्या इच्छेने जाता यावे, हवा तितका वेळ थांबता यावे, हा हक्क होय. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी स्वतःच्या ओंजळीने घेतले. दुसऱ्याने वरून वाढलेल्या पाण्याने तहान भागली असती. हक्क प्रस्थापित झाला नसता.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ पाहा. धार्मिक व सांस्कृतिक उपयोगाच्या खाजगी इमारतीही त्यात सार्वजनिक इमारती ठरतात. म्हणजे आपले विहार आलेच. स्मशानास भिंती नाहीत म्हणून ते सुटते, हा युक्तिवाद मी ऐकला आहे. तो टिकणारा नाही. कलम ४० शहरी व ग्रामीण भागांतील भौतिक परिसर व जनतेस मिळणाऱ्या सुविधांविषयी बोलते. राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नियमांतील शिफारसवजा नियम १५ कायद्याशी विसंगत ठरविला व बंधनकारक मानके करण्यास केंद्र सरकारास फर्माविले.

पण सरकारकडे बोट दाखविण्यापूर्वी आपण काय बांधतो? वर्गणी काढून पुतळा उभारतो, आदरापोटी चौथरा उंच करतो आणि चहूबाजूंनी पायऱ्याच घालतो. मग ६ डिसेंबरला चाकाच्या खुर्चीवरून आलेल्या भगिनीस आपला हार दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो. एक फूट चढास बारा फूट लांबीचा उतार, दोन्ही बाजूंस कठडा, चाक न रुतणारी वाट: एवढ्याने पुष्कळ साधते.

माझ्या अशिलांनी ग्रामपंचायतीस दिलेल्या अर्जाच्या नकला मी आणल्या आहेत. सभेनंतर ज्यांस हवी त्यांनी न्यावी, गावाचे नाव बदलून अर्ज करावा, आणि पोच घेतल्यावाचून परतू नये.