मुलासाठी टिकून राहणारं माणूस



लोणावळा पर्यटकांचं म्हणून सर्वांना ठाऊक आहे. पण इथंच आंतरभारती बालग्राम आहे, मळवलीजवळ भाजे इथं संपर्क बालग्राम आहे. आईबापांवाचूनची मुलं मावळ तालुक्यात वाढली, शिकली, याचा आम्हा मावळकरांना अभिमान आहे.

घाट उतरलं की खालापूर तालुका. 19 जुलै 2023 च्या रात्री तिथली इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. काही मुलं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली; घर आणि घरची माणसं मात्र गेली. अशा मुलाला मुसळधार पावसात रात्रभर डोळा लागला नाही, तर कारण कुणालाही कळेल. पण दरड सगळ्यांना दिसली. दारूच्या घरातली मारहाण, नातेवाइकानं केलेला अत्याचार कुणी पाहिलेला नसतो. ते सोसलेलं मूल उशीखाली पोळी लपवतं, बाराव्या वर्षी अंथरूण ओलं करतं, मायेनं जवळ घेणाऱ्यालाच चावतं, मोठं झाल्यावर हातावर ब्लेड ओढतं. आणि नोंदवहीत शेरा पडतो : बेशिस्त. हा शेरा मला फार लागतो.

1993 च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं शेकडो मुलांना पुण्यात आणून शिकवलं. छप्पर आणि शाळा देणं महाराष्ट्राला तेव्हापासून जमतं. मनाच्या उपचारांत आपण मागे आहोत. एकच विश्वासाचं माणूस दीर्घकाळ सोबत असणं मुलाला किती आवश्यक, हे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी 1951 सालीच जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात मांडलं होतं. आपल्याकडे समुपदेशकाचं कंत्राट संपतं आणि मूल आपली कहाणी नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगतं. काही मुलं मग सांगणंच सोडतात.

अठरा वर्षं पूर्ण झाली की बालगृह सुटतं. 2015 च्या बाल न्याय कायद्यातलं कलम 46 बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी आर्थिक मदतीची तरतूद करतं, अनुरक्षणाचा, म्हणजे नंतरच्या देखभालीचा, आधार 21 वर्षांपर्यंत मिळू शकतो. त्यात खोली मिळेल, पैसे मिळतील. चालू असलेले उपचार तुटू नयेत, हे कोण पाहणार?

बालकल्याण समित्यांचे सदस्य, अधीक्षक, समुपदेशक आणि गृहमाता यांच्या या परिषदेच्या ठरावात दोन मागण्या नक्की घाला : समुपदेशकांची पदं कायम करा, आणि अठराव्या वर्षानंतरही मुलाचे उपचार त्याच माणसाकडे चालू ठेवा.