विहिरीच्या पाण्यातले खत



आज आपण पिण्याच्या पाण्याविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, त्यात काय बोलायचे? पाणी पुरेसे असले म्हणजे झाले. आपल्या राहाता तालुक्यात एका अंगाने गोदावरीचा उजवा कालवा वाहतो. दुसऱ्या अंगाने प्रवरेचा डावा कालवा. मधल्या जिरायत गावांनी निळवंड्याच्या पाण्याची किती वर्षे वाट पाहिली, ते तुम्हीच जाणता. 2023 साली त्या कालव्याला पाणी आले. म्हातारी माणसे ते पाणी पाहायला कालव्यावर गेली. जावे तसेच होते ते!

कालव्याचे पाणी पाझरते. विहिरींना पाणी वाढते. शेतात ऊस येतो, घास येतो, पेरूची बाग उभी राहते. हे सगळे चांगलेच आहे. पण त्या पाण्याबरोबर आणखी एक वस्तू विहिरीत उतरते. ती डोळ्यांना दिसत नाही. तिला वास नाही. पाणी मचूळ असले तर जिभेला कळते. ही वस्तू जिभेलाही कळत नाही. तिचे नाव नायट्रेट. नाव परके वाटते, पण वस्तू आपल्या घरचीच आहे. आपण शेतात युरिया टाकतो ना, त्यातूनच ती तयार होते.

कशी होते, ते पाहू. युरियाचे एक पोते 45 किलोचे. त्यात सुमारे 21 किलो नत्र असते. पोते शेतात पडले की मातीतले बारीक जंतू त्या नत्राचे नायट्रेट करतात. पिकाला तेच हवे असते. पण पीक सगळे खात नाही. पुष्कळदा निम्म्याहून कमीच खाते. काही हवेत जाते आणि काही जमिनीत राहते. नायट्रेट पाण्यात साखरेसारखे विरघळते. माती त्याला धरून ठेवत नाही. मग वरून मोकाट पाणी दिले की ते पाण्याबरोबर खाली खाली जाते आणि विहिरीच्या झऱ्याला मिळते.

उसाला तर आपण सढळ हाताने देतो. शेजाऱ्याने चार पोती टाकली, तर आपण पाच! कृषी विद्यापीठाने सुरू उसाला एकरी 100 किलो नत्र सांगितले आहे, म्हणजे युरियाची पाच पोती भरली की पुरे. तीही एकदम नव्हेत, तीन-चार हप्त्यांत. शेणखत, मिश्रखत टाकले असेल, तर त्यातले नत्रही हिशेबात धरायचे. हा हिशेब किती जण करतात?

दोष एकट्या युरियाचा नाही, हेही सांगितले पाहिजे. विहिरीला लागून उकिरडा असतो. गोठ्याचे मूत तिथेच मुरते. संडासाचा शोषखड्डा चार पावलांवर असतो. त्यातूनही नायट्रेटच उतरते.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेट किती चालते? आपल्या देशात मर्यादा आहे एका लिटरला 45 मिलिग्रॅम. प्रवरेच्या काठी संगमनेर भागात विहिरींची तपासणी झाली. बागायती पट्ट्यातल्या अनेक विहिरी या मर्यादेबाहेर निघाल्या. भारत सरकारच्या भूजल मंडळाचा 2024 सालचा अहवाल सांगतो की महाराष्ट्रात तपासलेल्या दर शंभर नमुन्यांपैकी पस्तिसांहून जास्त नमुन्यांत नायट्रेट जादा होते.

मोठ्या माणसाला याचा त्रास लगेच जाणवत नाही. म्हणूनच आपण गाफील राहतो. खरा धोका सहा महिन्यांच्या आतल्या तान्ह्या बाळाला. आईला दूध नसले की बाळाला पावडरीचे दूध देतात. ते विहिरीच्या पाण्यात कालवतात. पाण्यातले नायट्रेट बाळाच्या रक्ताची ताकद हिरावून घेते. रक्त आहे, पण त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. बाळाचे ओठ, नखे निळसर पडतात. बाळ मलूल होते, धापा टाकते. अशा वेळी अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नये. बाळाला तडक दवाखान्यात न्यावे. यावर औषध आहे, ते वेळेवर मिळाले तर बाळ वाचते. आणि आईचे दूध अशा बाळाला निर्धास्त पाजावे.

हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला अमेरिकेत, आयोवा नावाच्या राज्यात. साल 1945. तिथल्या एका डॉक्टरने निळी पडलेली बाळे पाहिली आणि घरच्या विहिरीच्या पाण्यापर्यंत माग काढला.

त्याच आयोवात डे मॉईन नावाचे शहर आहे. पाच लाखांहून अधिक माणसे तिथल्या नळाचे पाणी पितात. पाणी नदीचे. नदीच्या वरच्या अंगाला मक्याची आणि सोयाबीनची अफाट शेती. शेतातले खत नदीत, नदीचे पाणी नळात. 1991 साली शहराने नायट्रेट काढायचा मोठा कारखानाच उभारला. 2015 साली शहराची पाणीसंस्था वरच्या तीन जिल्ह्यांविरुद्ध कोर्टात गेली. 2017 साली खटला निकालात निघाला, तिच्या हाती काही लागले नाही. 2025 च्या उन्हाळ्यात नायट्रेट एवढे वाढले की घरापुढच्या हिरवळीला पाणी घालायची बंदी झाली. एवढा श्रीमंत मुलुख, तरी पाण्यात गेलेले खत काढता काढता जेरीस आला. तिथे खत टाकणारा एक आणि पाणी पिणारा दुसरा. आपल्या वस्तीवर दोन्ही आपणच.

आता कोणी म्हणेल, पाणी उकळून पिऊ. मंडळी, इथे नीट ऐका. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते आणि नायट्रेट दाट होते. तुरटीने जात नाही. टीसीएल पावडरीने जात नाही. कापडाच्या गाळणीने तर नाहीच. आरओ यंत्राने कमी होते, पण यंत्राचे पडदे वेळच्या वेळी बदलावे लागतात.

म्हणून आधी तपासणी. ग्रामपंचायतीत तपासणीची पेटी मागा. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाच बायांना ती वापरायला शिकवायचे ठरलेले आहे. आपल्या गावात त्या पाच जणी कोण, ते विचारा. पाणी जास्त रंगले, तर नमुना सरकारी प्रयोगशाळेत पाठवायला लावा. निळवंड्याच्या नव्या पाण्याखालच्या गावांनी तर आत्ताच तपासून आकडा लिहून ठेवावा. पाच वर्षांनी पुन्हा मोजला की फरक कळेल.

नमुना असा घ्यावा. मोटर पाच-दहा मिनिटे चालू द्यावी. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी. औषधाची किंवा खताची बाटली घेऊ नये. बाटली भरून बूच घट्ट लावावे. वर चिठ्ठी चिकटवावी. तिच्यावर विहिरीच्या मालकाचे नाव, गट नंबर आणि तारीख लिहावी. आता आपल्याला लिहिता येते, तेव्हा चिठ्ठी दुसऱ्याकडून लिहून घेऊ नये. बाटली सावलीत ठेवावी आणि त्याच दिवशी पोचती करावी.