भेटीचा दिवस कोणाचा?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त राजा घाट, वाराणसी येथे दिलेले व्याख्यान)



ज्या घाटावर आज आपण जमलो आहोत, त्यास पूर्वी अमृतराव घाट म्हणत. १८०२ साली यशवंतराव होळकरांच्या स्वारीनंतर पुण्याचा कारभार काही काळ अमृतराव पेशव्यांच्या हाती आला. पुढील वर्षी त्यांना पुणे सोडावे लागले, इंग्रजांशी करार झाला आणि पुढे ते काशीस येऊन राहिले. घरातील कलह मोठ्यांना कोठवर नेतो, हे इतिहासात लिहिलेले असते. त्याच कलहात लहानांचे काय होते, हे मात्र बखरीत सहसा सापडत नाही. आज त्या लहानांविषयी बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागतो. उत्सवप्रसंगी विषय जड वाटेल; पण विभक्त झालेली जोडपी आता आपल्याही घरांत आहेत, आणि कुजबुजीपलीकडे आपण त्याविषयी बोलत नाही.

आमच्या परिचयातील एक कुटुंब घ्या. आई आठ वर्षांच्या मुलीसह येथे माहेरी, वडील पुण्यास. महिन्यातील एका रविवारी सकाळी दहा ते सायंकाळी पाच मुलगी वडिलांकडे असावी, असा न्यायालयाचा आदेश होता. एकदा गाडीस पाच तास उशीर झाला. वडील तीन वाजता दारी पोहोचले, तेव्हा आईने घड्याळाकडे बोट दाखविले. वडिलांनी रागाने मुलीस पाचाऐवजी सातला आणून सोडले. पुढील महिन्यात दार उघडले नाही. त्यापुढील महिन्यात पोटगी आली नाही. आम्ही मध्यस्थीस गेलो आणि एकाच बाजूचे ऐकून वडिलांना कडक पत्र लिहून बसलो. त्याने आगीत तेल पडले. ही चूक आमची होय. शेवटी त्या मुलीनेच आम्हांस विचारले, "काका, गाडी उशिरा येते म्हणून भांडण होतं ना? मग बाबा शनिवारीच का येत नाहीत?"

दोन सुशिक्षित माणसांस आणि आम्हांस जे सुचले नाही, ते तिला सुचले. कारण तिचे लक्ष जिंकण्याकडे नव्हते, भेटीकडे होते.

कायद्याची दृष्टीही तिच्याहून निराळी नाही. १८९० चा पालक व पाल्य कायदा आणि १९५६ चा हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा ह्यांत मुलाचे हित हीच मुख्य कसोटी आहे. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईपाशी असावे, असे दुसरा कायदा सांगतो. परंतु तेथेही 'सामान्यतः' हा शब्द आहे. १९७३ साली रोझी जेकब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत. ताब्याविषयीचे आदेश कायमचे नसतात, परिस्थिती पालटल्यास ते पालटता येतात, हेही त्याच निर्णयात आहे. २०२० साली यशिता साहू प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले, की मुलास आई व वडील दोघांच्याही सहवासाचा अधिकार आहे, आणि अंतर फार असेल तेथे दूरध्वनीवर वा चित्रफोनवर बोलण्याची सोय असावी. परदेशस्थ कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. मुलांना परदेशी नेण्याच्या तंट्यांविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. म्हणून परदेशातील न्यायालयाचा आदेश येथे आपोआप अमलात येत नाही, येथील न्यायालय मुलाचे हित स्वतः पाहते.

आता व्यवहाराचे चार शब्द. पुष्कळसे तंटे आदेश मोघम असल्यामुळे होतात. 'महिन्यातून एकदा भेट' एवढ्यावर समाधान मानू नये. वार, वेळ, मूल कोणी कोठे आणून सोडावयाचे, प्रवासखर्च कोणाचा, मूल आजारी पडल्यास बदली दिवस कोणता, गणपती, दिवाळी व उन्हाळ्याची सुटी कशी वाटावयाची, हे सारे लिहून घ्यावे. १९८४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कौटुंबिक न्यायालयांत (येथे त्यांस परिवार न्यायालय म्हणतात) समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे. समुपदेशकांची मदत घेण्यात कमीपणा नाही.

आदेश मोडला गेला तर दारात आरडाओरडा करू नये, मूल उचलून नेऊ नये. तारीखवार नोंद ठेवावी आणि त्याच न्यायालयाकडे अर्ज करावा. भेट नाकारली म्हणून पोटगी थांबविणे आणि पोटगी थकली म्हणून भेट नाकारणे, ह्या दोन्ही गोष्टी अन्यायाच्याच. पोटगी मुलाच्या पोटासाठी आहे आणि भेट त्याच्या मनासाठी. मात्र मुलास मारहाणीचे वा अन्य संकटाचे खरे भय असेल, तर गप्प न बसता तत्काळ न्यायालयास कळवावे. अशा वेळी देखरेखीखाली भेट ठेवता येते. आणि मुलाच्या हाती निरोप देऊ नयेत, परत आल्यावर त्याची उलटतपासणी करू नये. "तिकडे काय जेवलास?" हा मायेचा प्रश्न आहे, "तिकडे कोण आले होते?" हा नव्हे.

त्या कुटुंबात पुढे काय झाले? उभयतांनी मिळून अर्ज केला. वडील शनिवारी येऊन मुक्काम करू लागले. गाडीस उशीर झाल्यास तेवढे तास पुढे मिळतील, असे कलम पडले. संसार पुन्हा जुळला नाही. परंतु मुलीचा रविवार सुटला.

मंडळास आमची एकच विनंती आहे. गावापासून दूर राहणाऱ्या आपणांस येथे ना मामाचे घर जवळ, ना काकांचे. अशा वेळी मंडळ हेच गोत. गोताने वकील होऊ नये, न्यायाधीशही होऊ नये. आपल्या वाचनालयाची खोली महिन्यातून काही रविवारी अशा भेटींसाठी मोकळी ठेवावी. तेथे एखादी ज्येष्ठ आजी बसावी, कोणी प्रश्न विचारू नयेत. गणेशोत्सवाचे निमंत्रण दोघांसही जावे. पन्नास वर्षे आपण येथे मराठीपण जपले. त्या मराठीपणात ह्या मुलांसाठी दोन्ही दारे उघडी राहिली, तर हा महोत्सव सार्थकी लागला असे आम्ही समजू.