न दिसणारा प्रकाश
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळी चहाच्या वेळी एकानं विचारलं, "अबे, इतके वर्स त्या लॅबमध्ये तू करतं तरी काय?" हे मला घरीसुद्धा नीट सांगता आलेलं नाही. आज प्रयत्न करतो.

१८०० साली विल्यम हर्शेल यांनी प्रिझममधून पडलेल्या रंगांत थर्मामीटर ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सगळ्यात जास्त चढला. तेच हे इन्फ्रारेड किरण. ते तुमच्या-माझ्या अंगातूनही सतत निघतात. रात्रीचे ढग उपग्रहाला दिसतात ते याच किरणांमुळे. २०१३ साली आपला इन्सॅट-३डी गेला, तो हेच करण्यासाठी.

हे किरण टिपणारे सेमीकंडक्टर पदार्थ तयार करणं, हे माझं काम. दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणात साधारण २ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असते. आपल्या अंगातून निघणाऱ्या किरणाच्या कणात जेमतेम ०.१२. एवढ्याशा धक्क्यानं सुटणारा इलेक्ट्रॉन पदार्थाच्या स्वतःच्या उष्णतेनंही सुटतो. जिनिंग चालू असताना कुजबुज ऐकण्यासारखं आहे हे. म्हणून मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइडचे उत्तम डिटेक्टर उणे १९६ अंशांपर्यंत थंड करावे लागतात. थंड करणारं यंत्र महाग, जड आणि वीज खाणारं. त्यामुळे ही नजर सैन्याकडे आणि उपग्रहांवर राहिली. तालुक्याच्या दवाखान्यात ती पोचली नाही.

थंड न करता चालणारे बोलोमीटर बाजारात आहेत. किरणांनी तापून त्यांचा विद्युतरोध बदलतो. पण तापायला-निवायला काही मिलिसेकंद जातात. वेगवान आणि स्वस्त, दोन्ही हवं असेल तर पदार्थच नवा घडवावा लागतो. इंडियम आर्सेनाइड आणि गॅलियम अँटिमोनाइडचे काही नॅनोमीटर जाडीचे थर एकावर एक चढवायचे. निर्वात भांड्यात सेकंदाला साधारण अणूचा एक थर चढतो. थरांची जाडी बदलली की कोणता किरण टिपायचा ते बदलतं. मुंबईच्या आयआयटीत इंडियम आर्सेनाइडच्या क्वांटम डॉटवर असंच काम झालं आहे.

पुस्तकात 'खोलीचं तापमान' म्हणजे २७ अंश. ज्यांनी हे ठरवलं ते मे महिन्यात हिवरखेडला आले नसावेत! इथे भर दुपारी जमीन माणसाच्या अंगापेक्षा जास्त तापते, त्यामुळे इन्फ्रारेड कॅमेऱ्यात माणूस उजळ न दिसता काळा दिसतो. जो डिटेक्टर आपल्या उन्हाळ्यात टिकेल, तोच खरा.

लांब तरंगलांबीसाठी असा वेगवान डिटेक्टर अजून मनासारखा जमलेला नाही. माझ्या निवृत्तीपर्यंत जमेल, असंही मी म्हणणार नाही. एका माणसाच्या आयुष्यात संपणारं हे कामच नाही. पुढे कुणीतरी ते हाती घ्यावं लागतं.

म्हणून एक विनंती. हर्शेल यांच्या प्रयोगाला एक प्रिझम, तीन थर्मामीटर आणि ऊन लागतं. ऊन आपल्याकडे भरपूर आहे. बाकीचं सामान आपल्या बॅचतर्फे शाळेला देऊ या. आठवीतल्या एखाद्या पोरीनं अंधारात पारा चढताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. पुढचं तिला कुणी सांगावं लागणार नाही.