छपरावरील विजेचा हिशेब

श्रोतेहो, सूर्य कोणाकडे बिल पाठवीत नाहीं हें खरें. परंतु त्याच्या किरणांची वीज करून ती आपल्या घरच्या दिव्यापर्यंत पोंचविणाऱ्या सामग्रीचें बिल मात्र यावयाचेंच. "मोफत वीज" हे दोन शब्द कानीं पडले कीं मन हुरळतें, आणि शाळेंतल्या मुलाला येणारें त्रैराशिक घरच्या कर्त्या माणसाला सुचेनासें होतें. जालना जिल्ह्यांतील आमच्या आष्टीसारख्या गांवींही सोलरचीं अंदाजपत्रकें आतां घरोघर फिरूं लागलीं आहेत. मीं जन्मभर गणित शिकविलें, म्हणून तीं तपासावयास लोक माझ्याकडे आणतात. प्रत्येकाच्या मनांतला प्रश्न एकच असतो: निवृत्तीची किंवा मुलांच्या शिक्षणाची म्हणून राखून ठेवलेली पुंजी छपरावर मांडावी कीं नाहीं?

प्रथम किंमत पाहूं. केंद्र सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना' सुरू केली, २०२६-२७ सालापर्यंत तिला मंजुरी आहे. तिच्यांत पहिल्या दोन किलोवॅटांची प्रमाण किंमत प्रत्येकीं ५०,००० रुपये व तिसऱ्याची ४५,००० रुपये धरलेली आहे. पहिल्या दोहोंवर शेंकडा ६०, म्हणजे ६०,००० रुपये, आणि तिसऱ्यावर शेंकडा ४०, म्हणजे १८,००० रुपये, असें एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळतें. पुढें पांच किलोवॅट बसविले तरी हा आंकडा वाढत नाहीं. बाजारांत तीन किलोवॅटची सामग्री, बसविण्याच्या खर्चासह, साधारणपणें दीड लाखापासून दोन लाखांपर्यंत पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्यावरील वस्तु व सेवा कर शेंकडा १२ वरून ५ वर आला आहे. तेव्हां जुन्या कराचें अंदाजपत्रक कोणी पुढें केल्यास तें परत करावें.

येथें दोन गोष्टी ध्यानांत धराव्या. अनुदान हें देशांत बनविलेल्या पॅनेलांनाच मिळतें, आणि तें काम पुरें होऊन तपासणी झाल्यावर आपल्या बँकेच्या खात्यांत जमा होतें. म्हणजे आरंभीं सगळी रक्कम आपणच उभी करावयाची. बँका या कामीं तारणावांचून कर्ज देतात. पण व्याज हाही किंमतीचाच भाग होय.

आतां हिशेबाचें मर्म. एक किलोवॅटपासून वर्षाच्या सरासरीनें महिन्यास शंभर ते एकशेंवीस युनिट वीज मिळते. समजा, एका घरांत महिन्याला २५० युनिट वीज लागते, आणि तिच्यामुळें युनिटमागें आठ रुपये वांचतात. तीन किलोवॅटची सामग्री १,८०,००० रुपयांना घेतली व अनुदान वजा केलें, तर पदरचे १,०२,००० रुपये गेले. महिन्यास २,००० म्हणजे वर्षास २४,००० रुपये वांचले; सव्वाचार वर्षांत पैसे फिटले. पॅनेलें पंचवीस वर्षें टिकावयाचीं, तेव्हां हा व्यवहार उत्तम.

पण शेजारच्या घरांत दोनच वृद्ध माणसें आहेत. त्यांना शंभरच युनिट लागतात आणि खालच्या टप्प्यांतला दर सहा रुपये धरला, तर वर्षाची बचत ७,२०० रुपये. त्याच सामग्रीचे पैसे फिटावयास चौदा वर्षें लागतील! त्यांनीं एकच किलोवॅट ७०,००० रुपयांना घेतला असता, तर ३०,००० अनुदान जाऊन ४०,००० रुपये साडेपांच वर्षांत फिटले असते. उरलेली वीज विकून श्रीमंत होऊं, असें कोणी सांगेल. नेट मीटरवर ती जमा होते हें खरें. पण आर्थिक वर्षाच्या अखेरीस शिल्लक राहिलेल्या युनिटांचा मोबदला अल्प दरानें मिळतो. म्हणून माप शेजाऱ्याच्या छपराचें न घेतां स्वतःच्या बारा महिन्यांच्या बिलांचें घ्यावें.

अंदाजपत्रकांत न लिहिलेल्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. बॅटरीवांचून बसविलेली सामग्री, महावितरणची वीज गेली कीं, भर दुपारींही बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठीं तशी योजनाच असते. भारनियमनांत दिवे हवे असतील तर बॅटरीचा खर्च निराळा. स्थिर आकार भरावा लागतोच. इन्व्हर्टर बहुधा दहा-बारा वर्षांनीं बदलावा लागतो. आमच्याकडील धुळीनें पॅनेलें माखतात, तीं धुवावीं लागतात. आणि कडक उन्हाळ्यांत पॅनेल तापलें कीं त्याची शक्ति उलट घटते. मराठवाड्यांतल्या जुन्या माळवदावर हें ओझें घालणें धोक्याचें. पक्का स्लॅब व दर किलोवॅटला सुमारें शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा हवी.

शहरांतील सदनिकेंत राहणाऱ्यांनींही निराश होऊं नये. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यांतले दिवे यांकरितां गृहनिर्माण संस्थेला दर किलोवॅटमागें १८,००० रुपये अनुदान, ५०० किलोवॅटपर्यंत, मिळूं शकतें.

अमेरिकेंत असल्याच सामग्रीला दर वॅटमागें अडीच-तीन डॉलर, म्हणजे आपल्या किंमतीच्या कित्येक पट, पडतात. कारण तेथें मजुरी, परवाने आणि विक्रीचा खटाटोप महाग. यावरून समजावें कीं किंमत केवळ कांचेची नसते. सर्वांत स्वस्त अंदाजपत्रक पुढें येतें तेव्हां सांगाड्याचें लोखंड किती जाड, अर्थिंग व वीजरोधक आहेत कीं नाहींत, आणि पांच वर्षें दुरुस्तीला कोण येणार, हें लेखी मागावें. वादळी वाऱ्यांत सांगाडा उखडला तर वांचविलेले दहा हजार कोणाच्याही कामीं येत नाहींत.

श्रोतेहो, सोलर घेऊं नका असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. ज्याला वीज पुष्कळ लागते, ज्याचें छप्पर पक्कें व मोकळें आहे आणि ज्याची पुंजी चार-पांच वर्षें अडकली तरी घर अडत नाहीं, त्यानें तें अवश्य घ्यावें. मात्र स्वाक्षरी करण्यापूर्वीं एक रात्र तें अंदाजपत्रक आणि बारा बिलें घरांतल्या सर्वांनीं मिळून समोरासमोर ठेवावींत. पैसा साऱ्या घराचा आहे. हिशेबही साऱ्या घरानें करावा.