श्रम, व्यायाम आणि उतारवय



व्यायामाचा विषय निघाला की कामगार वस्तीतून आम्हांला एकच उत्तर मिळते : "दिवसभर राबतो, तो व्यायाम नव्हे तर काय?" हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्याला उत्तर न देता पुढे जाणे म्हणजे ज्यांना व्यायामाची खरी गरज आहे, त्यांनाच वगळणे होय.

प्रथम या प्रश्नाच्या बाजूने बोलू. १९५३ साली जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून असे. कंडक्टर तिकिटे देत शेकडो पायऱ्या चढे आणि उतरे. गाडी एकच, पण हृदयविकार ड्रायव्हरांत अधिक आणि कंडक्टरांत कमी आढळला. तेव्हा कामातली हालचालही माणसाला तारते, हे कबूल केले पाहिजे.

परंतु आपल्या सोलापुरातले काम कसे आहे ते पाहा. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून बसते; पान कातरते, तंबाखू भरते, दोरा गुंडाळते. बोटे विजेसारखी चालतात, पण मांड्या, कंबर आणि पाठ तासन्‌तास जागची हलत नाहीत. यंत्रमागावरचा कामगार पाळीभर उभा असतो. पण रोज तेच वाकणे, तोच हात, त्याच सांध्यावर ताण. श्रमात धंद्याला लागेल तेवढेच अंग चालते आणि ते थकले तरी थांबता येत नाही. व्यायामात सर्व अंगांना पाळीपाळीने काम मिळते, आणि कामानंतर विसावाही मिळतो. श्रमाने शरीर खर्ची पडते. व्यायामाने त्यात भर पडते. एकाला दुसऱ्याचे नाव देऊन भागणार नाही.

ही भर कशासाठी? तिशी-चाळिशीनंतर माणसाचे स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर ही घट वेगाने होते. ती दुखत नाही, म्हणून कळत नाही. एके दिवशी पाटावरून उठताना हात टेकावा लागतो, मग जिन्याला कठडा लागतो, आणि मग न्हाणीत पाय घसरतो. तरुणपणी जो तोल सहज सावरला असता तो सावरत नाही, आणि खुब्याचे हाड मोडते. श्रीमंताच्या घरी परिचारिका येते. आमच्या घरी सून काम सोडून उशाशी बसते. विडीची मजुरी हजारावर मिळते; जेवढे दिवस उशाशी बसावे तेवढे दिवस हजार नाही आणि मजुरीही नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेत किमान निवृत्तिवेतन २०१४ साली ठरले ते महिना एक हजार रुपये, आणि तेही ज्याचे नाव हजेरीपटावर लागले त्याला. ज्याच्यापाशी दुसरी पुंजी नाही, त्याच्या पायांतली शक्ती हीच त्याची पुंजी आहे.

"आता या वयात काय होणार?" असे कोणी म्हणेल. त्याला अमेरिकेतील बोस्टनचे उदाहरण सांगतो. तेथे एका वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम, देखरेखीखाली, देण्यात आला. १९९० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या मांड्यांची शक्ती सरासरीने दुपटीहून अधिक वाढली होती. नव्वदीत हे होते, तर साठीत का होऊ नये?

यातले मर्म सोलापूरकराला नव्याने शिकवायला नको. संक्रांतीला सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. ती उंच, जड काठी तोलून धरणारा मानकरी एकदम यात्रेच्या दिवशी उभा राहत नाही. कित्येक दिवस आधीपासून सराव चालतो. शक्ती आणि तोल ही दोन्ही थोडीथोडी वाढवावी लागतात, एवढेच बोस्टनच्या डॉक्टरांनीही सांगितले.

आता कृती. खुर्चीवर किंवा ओट्यावर बसावे आणि हात न टेकता उठावे, दहा वेळा. भिंतीला हात लावून जोर काढावेत. अर्धी भरलेली कळशी जपून उचलावी आणि ठेवावी. दाराची चौकट धरून टाचा उचलाव्यात, एका पायावर उभे राहावे. जड वाटेल एवढे वजन असावे, पण दम कोंडून धरू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली शक्तीचा व्यायाम आठवड्यातून निदान दोन दिवस आणि पासष्टीपुढे तोलाचा निदान तीन दिवस सांगितला आहे. शिवाय आठवड्याला दीडशे मिनिटे भराभर चालणे. सिद्धेश्वर तलावाचा काठ त्याला पुरेसा आहे. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि भाकरीबरोबर डाळ, मटकी, शेंगा, जमल्यास दूध-अंडी पोटात जावीत. नुसत्या चहावर स्नायू बनत नाहीत.

शेवटी वेळेचा प्रश्न. आपल्या सांगोल्याला लागून असलेली आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, शाळांतून ते सुरू केले, स्वतः उतारवयापर्यंत घातले आणि १९५१ साली ब्याऐंशी वर्षांचे होऊन वारले. त्यांचा उपदेश खरा आहे. पण राजाला पहाट मोकळी होती. बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाला उपदेश पुरत नाही. रविवारची सुटीसुद्धा आपोआप आली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केले, तेव्हा १८९० साली ती मुंबईत मिळाली.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. मालकांनी आणि सरकारने आठ तासांची पाळी कागदावरून कारखान्यात आणावी. नगरातील तालमींनी सकाळचा एक तास म्हाताऱ्यांना आणि एक तास बायकांना द्यावा. तालीम ही केवळ पोरांची मिरास नव्हे. आणि मिळालेल्या वेळातली वीस मिनिटे आपण स्वतःच्या पायांना द्यावीत. पगारवाढीसाठी आपण भांडतोच. ती वाढ हातात पडेल तेव्हा ती घ्यायला आपल्या पायांनी चालत जाता आले पाहिजे.